सळई, राख आणि चुन्याची निवळी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय मात्र त्यांनी दिलेला नाही, तो आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपने दिला आहे. नव्या प्रयोगशाळेच्या इमारतीवरून गेले चार महिने तिथे जे चाललंय ते सगळ्यांनी वाचलंच असेल. एक बाजू म्हणते, वर्गणी वाढवा, पण सगळी सळई स्टेनलेस स्टीलची घाला, म्हणजे पुन्हा बघायला नको. दुसरी बाजू म्हणते, सळई कुठलीही घाला, पण ते राखेचं सिमेंट नको, ती भेसळ आहे. मी तीस वर्षं काँक्रीटच्या प्रयोगशाळेत हेच काम केलं, त्यामुळे दोन्हीकडचे फोन मलाच येतात. एकेकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदम सांगून टाकतो.

समुद्राकडची ती जुनी ओळ आपण का पाडतोय, हे बाहेरगावी असलेल्यांना नीट माहीत नसेल. गेल्या उन्हाळ्याआधी एका रविवारी दहावी 'ब'च्या वर्गात छताचा तुकडा पडला. चांगला दोन हात लांब. तिसऱ्या बाकावर. त्या बाकावर कोण बसायचं हे आपल्या तुकडीला सांगायला नको, तो आज पहिल्या रांगेत बसून हसतोय. पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि तिथे आता दुसऱ्याच कुणाची तरी मुलं बसतात.

मे महिन्यात मी इथे आलो तेव्हा सोबत एक हातोडी, एक छिन्नी आणि एक बाटली आणली होती. बाटलीत फिनॉल्फ्थॅलीन. सर, तुमच्याच प्रयोगशाळेत मी ते पहिल्यांदा बघितलं. अल्कली असेल तर गुलाबी, नसेल तर पाण्यासारखं. काँक्रीट ताजं फोडून त्यावर हे फवारलं की आत चुना शिल्लक आहे की नाही ते लगेच कळतं. वर्गातल्या तुळईचा कोपरा फोडला आणि फवारलं. रंग आलाच नाही. सळईपर्यंत नाही, सळईच्या मागेसुद्धा नाही. मग बाहेर आलो आणि समुद्राकडच्या व्हरांड्याचा खांब जोत्याजवळ फोडला. तिथे थोड्याच खोलीवर झकास गुलाबी. म्हणजे चुना शाबूत. पण आतली सळई तरीही गंजलेली, आणि काही ठिकाणी तर खड्डे पडून अर्धी झालेली.

एकाच इमारतीत दोन वेगळे आजार होते. हे कळल्याशिवाय राख हवी की नको आणि स्टेनलेस कुठे, याचं उत्तर देता येत नाही.

आठवीत सरांनी आपल्याला चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला लावलं होतं. निवळी दुधासारखी झाली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून खडू झाला. तुळईत नेमकं हेच झालं, फक्त फुंकणारा वारा होता आणि फुंकायला त्याला साठ वर्षं मिळाली. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं तेव्हा त्यातून भरपूर चुना सुटतो. त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कलीत साध्या लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर बसतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि तो थर आहे तोवर सळई गंजत नाही. सळईला काँक्रीट वाचवतं ते नुसतं झाकून नव्हे, तर या चुन्याने. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत चुन्याचा खडू करत जातो, पीएच नऊच्या खाली येतो, आणि थर सुटतो.

खांबाचा आजार दुसरा होता, मिठाचा. मिठातला क्लोराइड चुन्याला हात लावत नाही. तो पाण्याबरोबर आत झिरपत सळईपर्यंत जातो आणि थराला एखाद्याच ठिकाणी भोक पाडतो. मग त्या भोकातच गंज खोल खोल जातो. आपल्या खांबात मीठ दोन वाटांनी आलं. एक रोजचा खारा वारा. दुसरी वाट बांधतानाच उघडी होती. त्या काळी रेती खाडीची आणि पाणी मचूळ. कुणी मुद्दाम केलं नाही, तेव्हा इथे सगळे तसंच बांधायचे. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा तो वरच्या काँक्रीटला फोडून करून घेतो. दहावी 'ब'मध्ये पडला तो तुकडा असा बाहेर ढकलला गेला होता.

आता राखेकडे येतो.

औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळशाची पूड जळते तेव्हा धुराबरोबर जी बारीक राख उडते, ती धुराड्यात पकडतात. तिला फ्लाय अॅश म्हणतात. आपल्याकडे डहाणू, नाशिकजवळचं एकलहरे, चंद्रपूर, अशा ठिकाणची राख बांधकामाला जाते. चुलीतल्या राखेशी तिचा संबंध नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेच्या गोट्यांसारखी दिसते, आणि तिच्यात मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असतं. तिला एकटीला पाण्यात कालवली तर ती घट्ट होणार नाही. पण चुना मिळाला की ती त्याच्याशी मिळून सिमेंटसारखाच चिकट पदार्थ तयार करते. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना हे नवीन नाही. चुन्यात विटांची सुरखी घालून आपले गवंडी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. सुरखीला कुणी भेसळ म्हटलं नाही.

आणि ज्यांनी गेल्या वीस वर्षांत घर बांधलं त्यांनी आपल्या घरातल्या उरलेल्या गोणीवर बघावं. पीपीसी लिहिलेलं असेल तर त्यात १५ ते ३५ टक्के राख कारखान्यातूनच आलेली आहे. ग्रुपवर राखेविरुद्ध सर्वांत लांब मेसेज लिहिणाऱ्या आमच्या मित्राच्या बंगल्याला पीपीसीच वापरलं आहे, मी स्वतः गोण्या बघितल्यात. घाटघरच्या धरणांत तर रोलरने दाबून भरलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे.

राखेचा गुण असा की ती सावकाश, महिनोन् महिने, छिद्रं बुजवत जाते. मीठ आत यायला जो रस्ता लागतो तो अरुंद आणि नागमोडी होतो. शिवाय तिच्यातल्या अॅल्युमिनामुळे थोडा क्लोराइड बांधूनही राहतो. म्हणजे आपल्या खांबाच्या आजारावर राख हे उत्तम औषध आहे.

पण औषधाला अनुपान लागतं. राख हे सगळं काम करते ते चुना खाऊन. जो चुना सळईला वाचवतो, तोच. म्हणून राखेच्या काँक्रीटमध्ये चुन्याचा साठा कमी असतो आणि त्याचा खडू व्हायला वेळही कमी लागू शकतो. राख घट्ट बसली असेल तर हे फारसं जाणवत नाही, कारण हवेलाच आत यायला वाट मिळत नाही. मात्र राखेला पाणी कमी पडलं, तर चुन्याचा साठाही घटलेला आणि छिद्रंही उघडी, असं दोन्हीकडून नुकसान होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी पहिल्या नोकरीत होतो, एका खाडीवर धक्क्याचं काम होतं. राखेचं काँक्रीट. चौदा दिवस पाणी मारायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी टँकर आला नाही, पाचव्या दिवशीही नाही, आणि मग पुढच्या टप्प्याची घाई सुरू झाली. गोणपाटं वाळून कडक झाली होती. रजिस्टरमध्ये मी चौदा दिवस लिहिले आणि सही केली. माझं वय तेवीस होतं आणि वरचे थांबायला तयार नव्हते, पण सही माझी होती. नऊ वर्षांनी तपासणीसाठी मलाच तिथे पाठवलं. तुळयांच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत सरळ भेगा गेलेल्या. वरचा दोन-अडीच सेंटीमीटरचा थर नखाने खरवडला तरी भुकटी पडत होती. सिमेंटचा पहिला जोर पहिल्या आठवड्यात संपतो, पण राखेचं काम तेव्हा कुठे सुरू होत असतं. पृष्ठभाग चौथ्या दिवशी वाळला तर त्या थरातली राख नुसती भुकटी म्हणून पडून राहते. आणि सळईचं रक्षण करायला नेमका तोच थर असतो. अहवालात मी सगळं लिहिलं, एक गोष्ट सोडून. आज ती इथे पहिल्यांदा सांगतोय.

म्हणून राखेला शिव्या देणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की आपण बहुतेक वेळा राखेवर जो आरोप करतो तो पाण्याच्या पाइपवर करायला हवा. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा सांगतं, राखेच्या किंवा मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि तो चौदापर्यंत वाढवावा अशी शिफारस करतं.

आता स्टेनलेस. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली भांडी येतात, आणि भगिनीवर्गाला हेही माहीत आहे की स्टीलच्या पातेल्यात खडे मीठ तसंच पाण्यात रात्रभर राहिलं तर तळाला बारीक ठिपके पडतात आणि ते घासून जात नाहीत. लोणचं आपण चिनीमातीच्या बरणीत ठेवतो ते उगाच नाही. तेव्हा स्टेनलेस म्हणजे अजिंक्य असं नव्हे. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, आपल्या भांड्यांच्या ३०४ जातीत अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. या क्रोमियममुळे पृष्ठभागावर जो थर बसतो तो साध्या लोखंडाच्या थरापेक्षा फार चिवट असतो आणि ओरखडा गेला तर आपला आपण भरून येतो.

काँक्रीटच्या आत तर त्याची स्थिती पातेल्यापेक्षा पुष्कळ चांगली असते, कारण भोवती अल्कली असते. साध्या सळईसाठी क्लोराइडची धोक्याची पातळी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास धरायची पद्धत आहे. स्टेनलेस त्याच्या कितीतरी पट सहन करतं. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याचा थर चुन्याच्या मेहरबानीवर टिकून नसतो. चुन्याचा खडू झाला, पीएच नऊवर आला, तरी तो सुटत नाही. अशा काँक्रीटमध्ये त्याचीही मीठ सोसण्याची ताकद कमी होते हे खरं, पण साध्या सळईइतकी वाईट अवस्था होत नाही.

म्हणजे बघा, राखेची जी एकमेव कमजोर बाजू आहे, चुना कमी होणं, ती साध्या सळईला बाधते, स्टेनलेसला जवळजवळ नाही. आणि राखेची जी ताकद आहे, मीठ अडवणं, ती दोघांनाही उपयोगी. ग्रुपवर भांडणाऱ्या या दोन बाजू एकमेकींच्या पूरक आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही असे ठोकळे करून ठेवायचो. साध्या काँक्रीटमध्ये साधी सळई, राखेच्या काँक्रीटमध्ये साधी, आणि राखेच्या काँक्रीटमध्ये स्टेनलेस. वर खाऱ्या पाण्याचं छोटं टाकं, काही दिवस ओलं, काही दिवस कोरडं. कॉपर सल्फेटचा अर्धघट टेकवून दर आठवड्याला व्होल्टेज वहीत लिहायचं. साध्या सळईचा आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली घसरला की गंज सुरू झाल्याची शक्यता नव्वद टक्के धरतात. तो आकडा आधी साध्या ठोकळ्यात घसरायचा, पुष्कळ दिवसांनी राखेच्या ठोकळ्यात, आणि स्टेनलेसच्या ठोकळ्यांचं रोजचं तेच ते लिहून आमचा मुलगा कंटाळायचा. एकदा त्याने स्टेनलेसचा आकडाही त्याच कोष्टकात बसवून निष्कर्ष काढला होता. ते कोष्टक साध्या सळईचं आहे, स्टेनलेसला लावायचं नसतं, हे त्याला समजावलं. नव्या इमारतीची तपासणी पुढे जो कुणी करेल त्याने हे लक्षात ठेवावं, म्हणून सांगून ठेवतो.

प्रयोगशाळेतला ठोकळा फार तर चार-पाच वर्षं बघता येतो. साठ वर्षांचा पुरावा मेक्सिकोत आहे. युकातान किनाऱ्यावर प्रोग्रेसो नावाचं बंदर आहे. तिथला समुद्र उथळ, म्हणून बोटी लागायला दोन किलोमीटर आत जाणारा धक्का बांधावा लागला. १९३७ ते १९४१ या काळात तो बांधला. तिथला चुनखडीचा दगड सच्छिद्र, हवा उष्ण, आणि खाली उभा समुद्र. बांधणाऱ्यांना हे दिसत होतं, म्हणून त्यांनी त्या काळात सुमारे २२० टन ३०४ जातीची स्टेनलेस सळई घातली. साठेक वर्षांनी तपासणी झाली तेव्हा सळईच्या खोलीवर मीठ साध्या सळईला पुरून उरेल एवढं होतं, आणि तरीही गंज नगण्य. त्याच्या शेजारीच नंतर साध्या सळईचा दुसरा धक्का बांधला होता. त्याचे पाण्यातून वर आलेले अवशेष तेवढे उरलेत. दोन्ही एकाच छायाचित्रात दिसतात. ते चित्र मी आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावलं होतं. प्रोग्रेसोच्या काँक्रीटमध्ये राख नव्हती, हे मुद्दाम सांगतो. तिथे सगळा भार सळईनेच उचलला. आपल्या देशात ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झालेल्या नव्या पांबन पुलातही स्टेनलेस सळई आहे.

मग आपणही सगळीकडे स्टेनलेस का घालू नये? कारण पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. स्टेनलेस सळई साध्या टीएमटीच्या ढोबळ मानाने चौपट-पाचपट पडते. आतल्या भिंतींच्या मधल्या तुळयांना, पहिल्या मजल्याच्या स्लॅबला खारा वारा थेट लागत नाही. तिथे ४५ मिलिमीटर कव्हर, एम-३० काँक्रीट, पीपीसी आणि चौदा दिवस पाणी, एवढ्यावर साधी सळई आपलं काम करेल. तिथे स्टेनलेस घालणं म्हणजे देव्हाऱ्याला सोन्याचं दार करून घराचं छप्पर गळकं ठेवणं. त्या पैशात सूक्ष्मदर्शक येतील, जे आपल्या वेळी वर्गाला एकच होतं आणि त्याचीही काच फुटलेली.

स्टेनलेस मी तीन ठिकाणी मागितलंय. समुद्राकडच्या खांबांना पायापासून पहिल्या मजल्यापर्यंत, बाहेर आलेल्या सज्जाला, आणि पश्चिमेच्या खिडक्यांवरच्या छज्ज्यांना. छज्जे सर्वांत आधी जातात, कारण ते पातळ असतात आणि फिटर वर उभा राहून सळई खाली दाबून टाकतो, कव्हर उरतच नाही. ही इमारत समुद्रात उभी नाही, वाऱ्यावर आहे, म्हणून ३०४ पुरे. लाटांचे शिंतोडे उडत असते तर ३१६ किंवा डुप्लेक्स जातीची मागितली असती.

सरांनी मला परवा फोनवर विचारलं, दोन धातू जोडले की विद्युतघट होतो ना? जस्त-तांब्याचा घट आपण केला होता. सर, शंका रास्त आहे, आणि इंजिनिअर लोकही ती विचारतात. पण काँक्रीटच्या आत स्टेनलेसवर ऑक्सिजनची प्रक्रिया इतकी मंद चालते की ते शेजारच्या साध्या सळईचं नुकसान फारसं करू शकत नाही. साध्या, न गंजलेल्या सळईपेक्षाही ते त्या बाबतीत सौम्य आहे. खांबातली स्टेनलेस तुळईतल्या टीएमटीला टेकली तर चालेल.

चालणार नाही ते वेगळंच. स्टेनलेसला साध्या बांधायच्या तारेने बांधलेलं चालणार नाही, तारही स्टेनलेसची हवी. ती साध्या सळईच्या ढिगात टाकलेली चालणार नाही, लोखंडाचे कण चिकटून तांबूस डाग पडतात आणि मग सगळे म्हणतात फसवलं. आणि वेल्डिंग अजिबात नको. वेल्डिंगजवळ जो निळसर काळा रंग चढतो तिथला थर कमजोर होतो, आणि तो आम्लाने साफ करणं आपल्या साइटवर कुणाला जमणार नाही. पीपीसीच्या गोणीत वरून आणखी राख कुणी मिसळायची नाही. रेती खाडीची नको, धुतलेली क्रशची. पाणी शाळेच्या विहिरीचं नको, ते अजूनही मचूळ आहे, मी चाखून बघितलं. नगरपालिकेचं घ्यायचं. काँक्रीट घालताना त्यात एकूण क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर जाऊ नये असं मानक सांगतं. त्याची चाचणी मी विनामूल्य करून देईन.

कंत्राटदाराला मी हे सगळं लिहून दिलं आहे. तो भला माणूस आहे. पण पाणी मारण्याच्या चौदा दिवसांचं रजिस्टर त्याच्याकडे ठेवायचं नाही अशी माझी अट आहे, आणि समितीने ती मान्य केली. का ते तुम्हाला आता कळलं असेल. पायाचं काम दिवाळीनंतर सुरू होईल. प्रत्येक टप्प्याला चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, खांबांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं आहे का आणि स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेलं आहे का, हे बघून सही करायला गावातलेच माणूस हवेत. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिल्या तीन तारखांना माझं नाव लिहिलंय, पुढच्या मोकळ्या आहेत. चहाला जाताना लिहून जा, आणि फोन नंबर लिहायला विसरू नका.